नळीपालटाची मीमांसा

रायफल या यंत्राचे प्रयोजन एका वाक्यात सांगायचे झाल्यास, शिशाचा एक लहानसा तुकडा स्वतःभोवती फिरवत ठरलेल्या दिशेने बाहेर धाडणे एवढेच आहे. हे काम एकटी नळी करते, आणि दस्ता, चाप, माशी, दुर्बीण, पट्टा व मालकाचा अभिमान ही सारी तिच्याभोवती मागाहून जमलेली मंडळी होत. असे असूनही नेम बिघडू लागला की संशय या मंडळींपैकी प्रत्येकाच्या दारात जाऊन, चौकशी करून, माफी मागून परत फिरतो आणि सर्वांत शेवटी, तोही नाइलाजाने, नळीपाशी येतो. प्रथम काडतुसे वाईट निघतात, मग वारा उलटा वाहू लागतो, मग दुर्बिणीचे स्क्रू ढिले ठरतात, त्यानंतर रेंजवरील उजेड, शेजारच्या लेनमधील खोकला आणि सकाळी घेतलेला चहा यांची पाळी येते. एवढे सगळे निर्दोष सुटल्यावरच मालक नळीला डोळा लावून उजेडाकडे पाहतो आणि जे दिसते ते प्रकाशाचा खेळ आहे असे ठरवून आणखी एक हंगाम काढतो. नळी बदलण्याच्या शास्त्राचा अभ्यास करताना या टाळाटाळीचा काळ हिशेबात धरावा लागतो, कारण प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे असले तरी त्याची पूर्वतयारी कित्येकदा अर्धे तप चालते.

येथे विचार करावयाचा आहे तो लहान व्यासाच्या, म्हणजे ०.२२ इंच अथवा ५.६ मिलिमीटर गोळीच्या रायफलचा. भारतात तिला बोलण्यात 'पॉइंट टू टू' म्हणतात, आणि महाविद्यालयात एनसीसीचा खाकी गणवेश घालून दोन वर्षे काढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ती परिचित असते, किंबहुना आयुष्यात आपण एकदा रायफल चालवली आहे हे वाक्य तो ज्या आधारावर उच्चारतो तो आधार हीच होय. तिचे आज सर्वत्र चालणारे 'लाँग रायफल' काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली बाजारात आणले. या काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी नसून पितळी कडेच्या घडीत भरलेले असते आणि घणाचा म्हणजे फायरिंग पिनचा घाव त्या कडेवर बसतो. अशा रचनेला रिमफायर म्हणतात. गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, नरम शिशाची आणि मेणासारख्या वंगणाने माखलेली असते, नेमबाजीच्या काडतुसात ती सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या किंचित मागे राहून, निघते, आणि एकूण सारा कारभार इतका सौम्य, स्वस्त व माफक धक्क्याचा असतो की या रायफलची नळी खराब होऊ शकते हेच पुष्कळांना पटत नाही. त्यांचे एका अर्थी बरोबर आहे. निव्वळ गोळ्या झाडून बावीसची नळी झिजवायची तर त्यासाठी हजारो काडतुसे आणि विलक्षण चिकाटी लागते. सामान्य मालकाजवळ पहिल्यासाठी पैसे नसतात आणि दुसरी असती तर त्याने रायफलऐवजी सतार शिकली असती. मग या नळ्या मरतात कशाने, असा प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर अप्रिय आहे: बहुतांश नळ्या प्रेमाने मरतात.

हे समजण्यासाठी नळीच्या अंतरंगाकडे वळणे भाग आहे. नळीच्या आतील भिंतीवर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात. खाचेला ग्रूव्ह आणि दोन खाचांमधील उंचवट्याला लँड म्हणतात. गोळी या उंचवट्यांवर चावली जात पुढे सरकते, त्यामुळे तिला गिरकी मिळते आणि गिरकीमुळे ती हवेत कोलांट्या न खाता टोक पुढे करून जाते. बावीसच्या नळीत या खाचा साधारणतः १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरमध्ये, एक पूर्ण फेरा घेतात. याचा अर्थ साडेअठरा इंची नळीतून जाणारी गोळी आत असताना एकदाच काय ती फिरते आणि या एका फेऱ्याच्या शिदोरीवर बाहेर पडल्यावर सेकंदाला आठशे फेऱ्यांच्या गतीने गरगरते. खाचांची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते, साधारणपणे सहा ते सात. माणसाचा केस जेवढा जाड तेवढी. नळीच्या तोंडाशी या खाचा जिथे संपतात त्या कडेला क्राउन म्हणजे मुकुट म्हणतात, आणि हा मुकुट सर्व बाजूंनी सारखा असणे अत्यावश्यक असते, कारण गोळीचे बूड नळी सोडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू जर एका बाजूने आधी निसटला तर तो गोळीला जाता जाता कोपर मारतो आणि पन्नास मीटरवर त्या कोपराची किंमत मोजावी लागते. मुकुटाला पडलेला नखाएवढा ओरखडा उत्तम रायफलची मती भ्रष्ट करतो, हे सत्य जितके जुने आहे तितकेच दुर्लक्षित आहे.

या मुकुटाचा सर्वांत मोठा शत्रू शिकारी नव्हे, शिपाई नव्हे, हवामानही नव्हे. तो म्हणजे नीटनेटका माणूस. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत काडतुसांतील ठिणगीच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून मागे जो क्षार उरे तो मिठाच्या जातीचा असल्यामुळे हवेतील ओल ओढून घेई, आणि बंदूक संध्याकाळी साफ केली नाही तर सकाळपर्यंत नळीत गंज फुले. त्या काळच्या आजोबांनी रोज नळी घासली, गरम पाण्याने धुतली, तेल लावले, आणि ते सर्वस्वी योग्य होते. १९२० च्या दशकात अमेरिकेत गंज न आणणारे मिश्रण वापरात आले व पुढे सर्वत्र रूढ झाले. कारण गेले, परंतु कर्मकांड राहिले. आजोबांनी मुलाला सांगितले, मुलाने नातवाला सांगितले, आणि नातू आजही पंचवीस काडतुसे झाडून घरी आल्यावर पोलादी सांध्यांची सळई घेऊन नळीवर बसतो, तिला पुढच्या तोंडाने आत घालतो, बाहेर ओढतो, पुन्हा घालतो, आणि प्रत्येक फेरीत सळईचा सांधा मुकुटाच्या कडेला थोडा थोडा कुरतडत राहतो. देव्हाऱ्यातील टाक पिढ्यान्पिढ्या चिंच लावून घासल्यावर त्यावरील देवाचे नाकडोळे पुसले जाऊन खंडोबा कोणता आणि म्हाळसा कोणती हे केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या साक्षीवर ठरते, तशीच अवस्था या नळ्यांची होते. मालक मात्र त्यांच्या चकाकीकडे बोट दाखवून आपली निष्ठा सिद्ध करतो. वस्तुतः मेणमाखल्या शिशाची गोळी प्रत्येक वेळी नळीत वंगणाचा एक पातळ थर ठेवून जाते, तो थर बसल्यावरच नळी स्थिरावते, आणि म्हणून कित्येक निष्णात नेमबाज नळीला गरजेपुरताच हात लावतात. आळस आणि शास्त्र यांचे एकमत होण्याचे असे प्रसंग विरळा, आणि नेमका याच प्रसंगी माणूस कामसू निघतो.

लष्करी परंपरेत यावर तोड म्हणून पुलथ्रू आले. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला कापडाची पट्टी अडकवण्याचा फास असलेली दोरी. वजन नळीच्या मागच्या तोंडातून सोडायचे, पुढून बाहेर आले की ओढायचे, म्हणजे चिंधी गोळीच्याच मार्गाने प्रवास करते. एनसीसीच्या हिंदी वर्गात या पट्टीला 'चिंदी' असेच नाव असून तिची मापे कोरड्या सफाईसाठी चार बाय दोन इंच आणि तेलासाठी चार बाय दीड इंच अशी तोंडपाठ करून घेतली जातात. गोळी कुठे लागली हे विसरलेला कॅडेट पन्नाशीतही ही मापे बिनचूक सांगतो. परंतु दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली तर तीही मुकुटाच्या एका बाजूला घासते व कालांतराने तेथे पन्हळ पाडते. सूत पोलादाला हरवते हे येथे अलंकारिक विधान नसून दुरुस्तीच्या पुस्तकात स्वतंत्र नाव मिळालेला दोष आहे. अमेरिकेत घरोघरी आढळणारी रूगर कंपनीची १०/२२ ही रायफल तर याबाबतीत आणखी अडचणीची आहे, कारण तिचा मागील भाग बंद असल्यामुळे नळी जागेवर असताना सळई पुढूनच घालावी लागते. म्हणजे कारखान्यानेच भक्ताला चुकीच्या दाराने देवळात सोडले आहे.

नळी मरण्याचा दुसरा प्रकार मात्र प्रेमाचा नसून घाईचा आहे. काडतुसात दारू कमी भरली गेली अथवा ती ओल लागून निकामी झाली तर गोळी नळीत शिरते पण बाहेर पडण्याइतका जोर तिला मिळत नाही आणि ती वाटेत अडकून बसते. अशा वेळी नेहमीच्या टणत्काराऐवजी एक फुसका, ओशाळवाणा आवाज येतो, आणि जगातील प्रत्येक रेंजवर प्रत्येक प्रशिक्षक असा आवाज येताच थांबावे, रायफल रिकामी करावी व नळी तपासावी असे सांगतो. नेमबाज यावर मान डोलावतो. प्रत्यक्ष प्रसंगी त्याला वाटते की पहिली गोळी बहुधा गेली असावी, लक्ष्यावर भोक दिसत नाही याचा अर्थ ती आधीच्याच भोकातून गेली असावी, आणि या गौरवशाली तर्काची खात्री करून घेण्यासाठी तो दुसरी झाडतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते, मागील वायूला वाट राहत नाही आणि नळीची भिंत त्या ठिकाणी बाहेरच्या अंगाला फुगते. वरून हात फिरवल्यास कधी बांगडीसारखा उंचवटा लागतो, कधी काहीच लागत नाही, परंतु आत पाहिल्यास काळसर कडे दिसते आणि सळईवरील चिंधी तेथे आल्यावर एकाएकी सैल पडून पुन्हा घट्ट होते. दोन गोळ्यांवरच न थांबता एकामागे एक पुष्कळ गोळ्या कोंबल्या गेलेल्या नळ्याही आढळतात. त्या उभ्या चिरून प्रशिक्षणासाठी ठेवतात. माणसाच्या आशावादाचा इतका काटेकोर लांबीछेद अन्यत्र पाहावयास मिळत नाही.

तिसरा प्रकार घरगुती आहे. रिकाम्या रायफलचा चाप भिंतीवरील कॅलेंडरवर नेम धरून ओढत बसणे हा सराव म्हणून उत्तमच, पण रिमफायर रचनेत काडतूस नसताना घण थेट नळीच्या मागील कडेवर आपटू शकतो आणि कडेला पडलेला तो खळगा पुढे काडतुसे अडकवू लागतो. काही रायफलींत घण वेळीच अडवण्याची सोय असते, काहींत नसते, आणि कोणत्या गटात आपली मोडते हे मालकाला नेहमी उलट्या क्रमाने कळते. याउपर अलीकडे बोरस्कोप नावाचे एक साधन स्वस्त झाले आहे. तो नळीत घालावयाचा काडीएवढा कॅमेरा असून आतील दृश्य तो कित्येक पट मोठे करून पडद्यावर दाखवतो. त्याच्यापूर्वी आपली नळी चांगली आहे असे मानणारे असंख्य लोक सुखी होते आणि त्यांचे नेमही बरे लागत. बोरस्कोपने पोलादावरील हत्यारांच्या नैसर्गिक खुणाही चंद्रावरील विवरांसारख्या दाखवून त्यांची झोप उडवली. पुष्कळ निरोगी नळ्या केवळ या तपासणीमुळे बदलल्या जातात, आणि नवी बसवल्यावर तिच्यातही कॅमेरा घातला जातो.

आता प्रत्यक्ष पालटाकडे वळता येईल. नळीच्या पाठीमागे एक पेटीवजा भाग असतो, त्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि त्यालाच नळी, चाप व मॅगझिन येऊन जोडले जातात. याला रिसीव्हर म्हणतात. नळी रिसीव्हरला जोडण्याच्या पद्धतींवरून मालकांचे स्वभाव घडतात. जिथे नळीवर आटे पाडून ती पिळून बसवलेली असते तिथे ती सोडवण्यास शिकंजा, लांब पाना आणि यंत्रशाळा लागते, म्हणून मालक नम्र असतो व कारागिराला 'साहेब' म्हणतो. जिथे ती दाबून बसवून आडव्या पिनांनी रोखलेली असते तिथे पिना कोणत्या बाजूने ठोकायच्या यावर मतभेद असतात आणि मालक तात्त्विक होतो. १०/२२ मध्ये मात्र, १९६४ साली ती बाजारात आली तेव्हापासून, नळीचे गुळगुळीत बूड रिसीव्हरमध्ये सरकवून इंग्रजी व्ही आकाराच्या एका ठोकळ्याने व दोन स्क्रूंनी मागे ओढून धरलेले असते. कारखान्याचा हेतू जोडणी सोपी व स्वस्त करण्याचा होता, परिणाम मात्र असा झाला की लाखो गृहस्थांना आपण कारागीर आहोत असा साक्षात्कार झाला. काम सोपे असते यात शंका नाही. अडचण त्याच्या सोपेपणातच आहे, कारण जे काम अर्ध्या तासात होते ते माणूस एकदाच करून थांबत नाही.

जुनी नळी फुगली म्हणून नवी आणावयाची ठरते. नवी आणायचीच तर मूळच्यासारखी कशाला, जरा जाड आणावी, असा विचार येतो, कारण जाड नळी कमी थरथरते; आणि बाजारात ०.९२० इंच बाह्य व्यासाची, शेंड्यापासून बुडापर्यंत एकसारखी, बुल बॅरल नावाची नळी मिळते. ती घरी येते तेव्हा कळते की मूळ दस्त्याच्या पन्हळीत ती मावत नाही. मग दस्ता नवा येतो. नव्या दस्त्यावर गाल जिथे टेकतो ती उंची वाढल्याने जुनी माशी दिसेनाशी होते, शिवाय पुष्कळ जाड नळ्यांवर माशीच नसते, म्हणून दुर्बीण येते. दुर्बिणीतून पाहिल्यावर प्रथमच स्पष्ट होते की चाप ओढताना रायफल हलते, म्हणून चापाचा संच बदलला जातो. शेवटी उरतो तो मूळ रिसीव्हर, आणि तोही तयार करून विकणारे कारखाने निघाले असल्याने एके दिवशी अशी १०/२२ उभी राहते की जिच्यात रूगरने केलेला एकही भाग नाही. आरंभी जी फुगलेली नळी बदलायची होती तिची किंमत या खर्चाच्या यादीत शोधून काढावी लागते, आणि घरातील दुसरी व्यक्ती ती यादी वाचत असेल तर सापडूही नये अशी व्यवस्था असते.

ज्यांना जुन्या रायफलचे बाह्यरूप राखायचे असते त्यांच्यासाठी निराळा मार्ग आहे. अमेरिकेतील जत्रांमध्ये फुगे व पत्र्याची बदके उडवण्यासाठी विंचेस्टरची १८९० सालची सरकत्या मुठीची रायफल फार चाले, आणि अशा रायफलींच्या नळ्या आतून नासल्या तरी बाहेरची अष्टकोनी घडण, तिच्यावरील अक्षरे व जुनाट रंग यांनाच मोल असल्याने नळी फेकून चालत नाही. तेव्हा कारागीर आतला मार्ग मोठा कोरून त्यात खाचा पाडलेली पातळ नवी नळी बसवतो. याला लायनर म्हणजे अस्तर घालणे म्हणतात. बाहेरून शंभर वर्षांची, आतून गेल्या महिन्यातली अशी ही रायफल पाहून संग्राहक गहिवरतो. मुकुटच तेवढा बिघडला असेल तर त्याहून सोपा उपाय म्हणजे तोंडाकडील अर्धा-एक इंच कापून नवा मुकुट कोरणे, पण या उपायाला कोठे कोणते विघ्न येते ते पुढे येईलच.

बदलून बदलून सारेच नवे झाल्यावर रायफल तीच राहते काय, हा प्रश्न वरकरणी रिकामटेकडा वाटतो, परंतु 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने यवन राजा मिलिंदाला याच जातीच्या प्रश्नात पकडले होते: आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही नव्हे, तर मग महाराज आले ते कशात बसून? राजाने विचारपूर्वक उत्तर दिले. आधुनिक राज्यांना तेवढा वेळ नसल्याने त्यांनी कायदे केले, आणि गंमत अशी की प्रत्येकाने रथाचा वेगळा भाग रथ म्हणून घोषित केला. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने रिसीव्हर म्हणजेच बंदूक असे ठरवले. नंबर त्याच्यावर, नोंद त्याची, आणि नळी हा केवळ एक सुटा भाग, जो कपडे वाळत घालण्याच्या दांडीसारखा टपालाने दारात येऊन पडतो. जर्मनीत याच्या उलट नळीही शस्त्राचा अत्यावश्यक भाग मानली जाते, तिच्यासाठी परवानगी लागते आणि ती सरकारमान्य चाचणीगृहात नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या काडतुसाने झाडून, तग धरल्याचा शिक्का मारून घ्यावी लागते. असे एक चाचणीगृह उल्म येथे आहे, आणि नेमबाजीच्या जगात सर्वतोमुखी असलेला आन्शुट्झचा रायफलींचा कारखानाही, १८५६ साली थुरिंगियात सुरू होऊन, दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच गावी आला.

भारताने हा वाद मिटवण्याची सर्वांत सर्वसमावेशक रीत काढली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येनुसार बंदूक ही बंदूक आहेच, तिचे भागही बंदूक आहेत आणि ते भाग बनवण्याची यंत्रेही बंदुकीतच मोडतात. नागसेनाने विचारले असते तर चाक, आस आणि सुताराचा रंधा असे सारेच रथ असल्याचे उत्तर त्याला मिळाले असते. त्यामुळे नळी टपालाने मागवून जेवणाच्या टेबलावर बसवणे ही कल्पनाच येथे उद्भवत नाही. कलम ५ नुसार दुरुस्तीचे काम परवानाधारकानेच करावयाचे असते, आणि कलम ६ नुसार नळी आखूड करण्यासही परवाना लागतो; हे कलम करताना विधिकर्त्यांच्या डोळ्यांपुढे बंदूक कापून कोटात लपवणारा गुन्हेगार होता हे उघड आहे, पण कलमाच्या शब्दांत मुकुट नवा करण्यासाठी कापलेला अर्धा इंचही अलगद बसतो. मात्र याच कायद्याने बावीसच्या रायफलवर एक कृपाही केली आहे. एका व्यक्तीजवळ किती बंदुका असाव्यात याची जी मर्यादा पूर्वी तीन होती व २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली, ती लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट २२ ची अथवा हवेची रायफल वापरणाऱ्या मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदांना लागू नाही, असे कलम ३ मध्ये नमूद आहे. संसदेने ज्या लहान व्यासाचे नाव घेऊन अपवाद केला तो व्यास एवढ्यावरून तरी आदरणीय ठरावा. भारतीय नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले ग. वा. मावळंकर होते, ही गोष्टही येथे नोंदवण्याजोगी आहे. गांधीजींच्या मार्गाने तुरुंगवास सोसलेल्या या मराठी वकिलाच्या नावे आजही अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते, आणि अहिंसा व अचूकता यांत विरोध नाही हे त्या स्पर्धेत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांच्यासाठी नळी हा छंद नसून पेशा आहे अशा नेमबाजांच्या बाबतीत विनोद थोडा आवरता घ्यावा लागतो, कारण त्यांच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ पन्नास मीटरवर अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे गोळीच्या दुपटीहूनही लहान असते. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या स्पर्धेत, सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन अवस्थांच्या प्रकारात अंतिम फेरीत ४५१.४ गुण करून कांस्यपदक आणले. या पातळीवर नळी आणि काडतूस यांचे नाते अत्यंत लहरी असते. एकाच कारखान्यात, एकाच नावाने, एकसारख्याच डब्यांत भरलेली काडतुसे निरनिराळ्या घाण्यांत तयार होतात, प्रत्येक घाण्याला म्हणजे लॉटला क्रमांक असतो, आणि एखादी नळी अमुक क्रमांकाच्या काडतुसांवर एकच भोक पाडते तर शेजारच्या क्रमांकावर पसरट शिंतोडे उडवते. याचे कारण विचारल्यास तज्ज्ञ प्रथम दीर्घ उत्तर देतात आणि अखेर झाडून पाहा असे सांगतात. म्हणून नेमबाज आपली रायफल घेऊन काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर जातात, तेथे नळी शिकंज्यात पकडून लॉटमागून लॉट झाडला जातो, आणि पसंतीचा लॉट सापडला की परवडेल व परवानगी असेल तितका साठा घरी आणला जातो. नळी बदलली की हा साठा अनाथ होतो. नवीन नळीला जुन्या नळीच्या आवडीनिवडींचे सोयरसुतक नसते. ती शांतपणे त्या महागड्या काडतुसांचे शिंतोडे उडवते, आणि खराब नळीच आणखी दोन हंगाम चालवण्याचा निर्णय कित्येकदा पोलादाच्या नव्हे तर कपाटातील खोक्यांच्या हिशेबावर घेतला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका बाबतीत तरी मालकाच्या टाळाटाळीला शास्त्रीय पाया आहे.

राहता राहिला उतरवलेल्या जुन्या नळीचा प्रश्न. अमेरिकेत तिचा उपयोग टोमॅटोच्या वेलाला आधार देण्यासाठी करावा असे नेमबाज एकमेकांना सुचवतात, आणि काही जण खरोखरच तसे करतात. गंजत चाललेल्या नळीवर टोमॅटो चांगले येतात की नाही याविषयी मात्र दोन तट आहेत. भारतात हा प्रयोग परसात करणे इष्ट नव्हे, कारण मधोमध फुगलेली, मुकुट झिजलेली, पन्नास मीटरवरचे तर सोडाच पण समोरची भिंतही नेमकी गाठू न शकणारी ही नळी कायद्याच्या व्याख्येत अजूनही बंदूकच असते. तेव्हा ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते, वहीत तिची नोंद होते, पावती मिळते, आणि ती पावती मालक फाइलमध्ये नव्या नळीच्या बिलाच्या वर लावून ठेवतो, जेणेकरून फाइल उघडणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी.